आकडा बरोबर, तरी संवाद ऐकू येईना

वाचकांचे प्रश्न : चित्रपटाचा आवाज टीव्हीसाठी तयार करताना

प्रश्न : दोन तासांच्या चित्रपटाचं थिएटरसाठी केलेलं ५.१ मिक्स (पाच चॅनल आणि खर्जाचा एक) एका वाहिनीला द्यायचं होतं. मागणी होती −२३ एलयूएफएस (लाऊडनेसचं, म्हणजे सरासरी मोठेपणाचं माप) आणि ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं शिखर, −१ च्या आत. मीटरवर सबंध चित्रपट −२२.२ आला, पीक −०.२. सरसकट ०.८ डेसिबल खाली घेतलं, दोन्ही आकडे तंतोतंत बसले. तरी ‘संवाद फार खाली आहेत’ असा शेरा मारून फाइल परत आली. आकडे पाळूनही चुकलं कुठे?

उत्तर : मोजण्यात काही चुकलेलं नाही. −२३ हा आकडा सबंध कार्यक्रमाच्या सरासरीचा आहे. त्यात संवाद कुठे बसलेत हे तो सांगतच नाही. शिवाय ही सरासरी डेसिबलची नसून ऊर्जेची असते. त्यामुळे थोडाच वेळ टिकणारा मोठा आवाज तिला आपल्याकडे ओढून घेतो.

गणित करून बघा. १२० मिनिटांपैकी १०८ मिनिटं −२५ च्या आसपास आहेत आणि १२ मिनिटांची मारामारी −१५ ला आहे असं धरा. सरासरी येते −२२.२, म्हणजे तुमचाच आकडा. बारा मिनिटांनी पूर्ण चित्रपटाचं माप २.८ ने वर नेलं. मग सरसकट ०.८ उतरवल्यावर बोलण्याची दृश्यं −२५.८ वर गेली. त्याच वाहिनीवर आधी संपलेल्या चर्चेच्या कार्यक्रमात नुसतं बोलणंच असल्यामुळे माणसांचा आवाज −२३ च्या जवळ होता. प्रेक्षक रिमोट उचलून आवाज वाढवतो, आणि वीस मिनिटांनी पहिली गोळी सुटली की पुन्हा रिमोट शोधतो.

आता तेवढीच बारा मिनिटं ४ डेसिबल खाली घ्या. ती −१९ ला आली की सरासरी −२३.९ होते आणि पूर्ण चित्रपट ०.९ ने वर उचलता येतो. बोलण्याची दृश्यं −२४.१ ला येतात. बाकी मिक्समध्ये काहीही न बदलता संवादांना १.७ डेसिबल मिळाले. वर मारामारीतली शिखरंही ३.१ ने खाली आली, त्यामुळे लिमिटरला (शिखरं ठरावीक मर्यादेत दाबणाऱ्या साधनाला) जवळपास कामच उरत नाही. टीव्हीचं मिक्स म्हणजे मुख्यतः हीच देवाणघेवाण : मोठ्या प्रसंगांकडून घ्यायचं आणि संवादांना द्यायचं. हे न करता मास्टरवर लिमिटर लावून आकडा गाठला की मारामारी चपटी होते आणि संवाद होते तिथेच राहतात.

काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी खोली लावून घ्या. थिएटरमध्ये पडद्यामागचा प्रत्येक चॅनल −२० डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीपासून मोजलेल्या) पिंक नॉइजवर, म्हणजे चाचणीच्या एकसारख्या खळखळाटावर, ८५ डेसिबलला लावलेला असतो. छोट्या खोलीत तोच आकडा ठेवला तर सगळंच मोठं वाटतं आणि हात आपोआप संवाद खाली ठेवतो. अमेरिकी मानक ए/८५ खोलीच्या आकारमानानुसार आकडे देतं : १५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीला ७६, त्यापुढे ५००० पर्यंत ७८, आणि १०,००० पर्यंत ८० डेसिबल. बारा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली १४४० घनफूट भरते, म्हणजे तिथे ७६. मीटर सी-वेटिंग आणि स्लो वर ठेवून एकेक स्पीकर लावा. मग नॉबवर खूण करा आणि मिक्स संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

दुसरं काम सराउंडचं, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या स्पीकरचं, आणि नेमकं हेच बरेचदा राहून जातं. थिएटरमध्ये डाव्या आणि उजव्या सराउंडची रांग प्रत्येकी ८२ ला लावतात, म्हणजे पुढच्या चॅनलपेक्षा ३ डेसिबल कमी. घरगुती मांडणीत पाचही स्पीकर सारखेच असतात. थिएटरचे ट्रॅक तसेच आणले तर सराउंड ३ डेसिबल जास्त वाजतात. लाऊडनेसचं माप सराउंडला वरून दीड डेसिबलचं वजन देतं, त्यामुळे पाऊस, गर्दी, संगीताचा मागचा भाग सरासरी फुगवत राहतात. दोन्ही सराउंड ३ डेसिबलने उतरवूनच पुढचं काम सुरू करा.

वरच्या पट्टीचंही बघावं लागतं. थिएटरचे स्पीकर एक्स-कर्व्हवर लावलेले असतात. त्यात २ किलोहर्ट्झच्या पुढे दर सप्तकाला सुमारे ३ डेसिबल उतार असतो. सपाट स्पीकरवर तेच मिक्स टोचरं वाटतं, ‘स’ आणि ‘श’ बोचतात. वरच्या पट्टीत एक-दोन डेसिबलचा हलका शेल्फ (एका टप्प्यापुढची सगळी पट्टी उतरवणारा ईक्यू) बहुधा पुरतो. तो सगळ्या मिक्सवर लावण्यापेक्षा संवाद आणि फोली (पावलं, कपडे यांचे वेगळे रेकॉर्ड केलेले आवाज) यांच्या स्टेमवर, म्हणजे मिक्सच्या सुट्या भागांवर, लावलेला बरा.

मग स्टेम उघडा. संगीत आणि इफेक्ट बंद करून फक्त संवादांचा स्टेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजा. पूर्ण मिक्स −२३ ला येईल तेव्हा हा −२४ ते −२५ च्या दरम्यान असावा असं ध्येय ठेवा. फरक चार-पाचच्या पुढे जात असेल तर तुमच्यासारखीच तक्रार येणार हे धरून चाला. कुजबुजीची वाक्यं क्लिप गेनने (त्या तुकड्याचीच पातळी वाढवून) एकेक करून उचला, दोन ते पाच डेसिबल. त्यानंतरच मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर : २:१ गुणोत्तर आणि जोरकस वाक्यांवर दोन-तीन डेसिबलची घट. क्लिप गेनचं काम कॉम्प्रेसरवर ढकललं की वाक्यांच्या मधला श्वास आणि खोलीचा आवाज वर येतो.

कुजबुज उचलताना मीटर कधीकधी उलटं वागतं. मोजमापात सरासरीपेक्षा १० एलयूने (लाऊडनेसचं एकक, एक डेसिबलएवढं) खाली असलेले तुकडे वगळले जातात, म्हणजे साधारण −३३ च्या खालचं काही हिशेबातच नसतं. −३६ ची कुजबुज −३१ वर आणली की ती पहिल्यांदाच हिशेबात येते आणि पूर्ण चित्रपटाचं माप किंचित खाली जातं. आवाज वाढवला आणि आकडा उतरला, म्हणून मीटर बिघडलं असं समजू नका. मोजणीची रीतच तशी आहे.

स्टेम मिळालेच नाहीत तर सेंटर चॅनल दीड-दोन डेसिबल उचलून पाहता येतं, पण सेंटरमधली पावलं आणि दारं सोबत येतात आणि पुढचा आवाज अरुंद वाटायला लागतो. ही तडजोड आहे, दुरुस्ती नव्हे.

सगळं झाल्यावर पूर्ण लांबीचं माप घ्या आणि जो फरक उरेल तो एकाच स्थिर गेनने भरून काढा. माप −२३.९ असेल तर ०.९ वर. ट्रू पीक लिमिटर या गेनच्या पुढे, साखळीत सर्वात शेवटी. तो अख्ख्या चित्रपटात मोजक्याच ठिकाणी, दोन-तीन डेसिबलच्या आत चालला पाहिजे. दर प्रसंगात त्याची सुई हलत असेल तर मागे जा आणि फेडरवर काम करा.

प्रश्न : एकच ५.१ फाइल दोन मीटरवर मोजली. एक −२३.० दाखवतो, दुसरा −२४.६. दोन्ही मीटर ‘१७७०’ मानकाचेच असल्याचं लिहिलं आहे. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : तीन शक्यता आहेत, आणि तिन्ही पाच मिनिटांत तपासता येतात.

पहिली, आवृत्ती. आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) बीएस.१७७० हे मानक २००६ चं. शांत तुकडे वगळणारं गेट त्यात २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. जुन्या आवृत्तीवर ठेवलेलं मीटर शांत प्रसंगही मोजतं, म्हणून शांत जागा भरपूर असलेल्या चित्रपटात ते खालचा आकडा दाखवतं. दुसरी, एक मीटर फक्त संवाद ओळखून तेवढेच मोजत असेल. ही सोय बऱ्याच मीटरमध्ये एका बटणावर असते आणि चुकून चालू राहते.

तिसरी शक्यता चॅनलच्या क्रमाची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फाइल डावा, सेंटर, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, एलएफई (खर्जाचा चॅनल, जो मापात धरत नाहीत) अशा चित्रपटी क्रमाने असेल आणि मीटर डावा, उजवा, सेंटर, एलएफई, सराउंड अशा क्रमाची वाट पाहत असेल, तर डाव्या सराउंडला तो एलएफई समजून सोडून देतो आणि खऱ्या एलएफईला उजवा सराउंड समजून वजन देऊन मोजतो. सेंटर आणि उजव्याची अदलाबदल मात्र आकड्यात दिसत नाही, कारण दोघांचं वजन सारखंच आहे.

तपासणी अशी करा. −२० डीबीएफएसचा १ किलोहर्ट्झ टोन एका वेळी एकाच चॅनलमध्ये सोडा. पुढच्या तिन्हींपैकी कोणत्याही चॅनलवर माप −२३.० आलं पाहिजे. सराउंडवर −२१.५. एलएफईमध्ये सोडल्यावर मीटर हलताच कामा नये. डाव्या सराउंडमध्ये टोन असून मीटर गप्प बसलं तर चोर सापडला.

प्रश्न : लिमिटरची मर्यादा −१.० ठेवली होती, मीटरवर पीक कुठेही −१.० च्या वर गेलं नाही. वाहिनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) अहवालात मात्र तीन ठिकाणी +०.४ डीबीटीपी (ट्रू पीकचं एकक) दाखवलं आहे. हे शक्य आहे का?

उत्तर : अगदी शक्य आहे. तुमचं मीटर नमुन्यांची (सॅम्पलची) उंची बघत होतं; क्यूसीचं मीटर दोन नमुन्यांच्या मधली लाट बघतं. ४८ किलोहर्ट्झवर १२ किलोहर्ट्झचा टोन घ्या आणि फेज असा ठेवा की प्रत्येक नमुना शिखरापासून ४५ अंशांवर पडेल. खरं शिखर नमुन्यांपेक्षा तब्बल ३ डेसिबल वर निघतं. काच फुटणं, टाळ्या, झांज, गोळीचा पहिला आघात अशा ठिकाणी हे नेहमी सापडतं. म्हणून ट्रू पीक मीटर चौपट दराने, म्हणजे १९२ किलोहर्ट्झवर नमुने काढून बघतं.

लिमिटरला ट्रू पीक मोड असेल तर तो चालू करा आणि मर्यादा −१.० न ठेवता −१.५ किंवा −२ ठेवा. चौपट दरावरही थोडं निसटतंच, आणि पुढे एएसी किंवा एसी-३ अशा दाबलेल्या फॉरमॅटमध्ये रूपांतर होताना शिखरं आणखी वर सरकतात. लिमिटरनंतर काहीही करू नका : ना सॅम्पल रेट बदल, ना ईक्यू, ना फेड. ४४.१ वरून ४८ वर न्यायचं असेल तर ते आधी उरका.

प्रश्न : २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमच्या प्रक्षेपणासाठी वेगाने चालवला तर लाऊडनेस पुन्हा मोजावा लागतो का?

उत्तर : हो, तयार झालेली फाइल मोजा. सरासरी जवळपास हलत नाही, पण सगळे नमुने नव्याने काढले जातात, त्यामुळे ट्रू पीक बदलतं. वेग ४.१७ टक्क्यांनी वाढतो आणि स्वर सुमारे ०.७ सेमीटोन चढतो. स्वर मूळ जागी आणणारी प्रक्रिया वापरली तर शिखरं आणखी हलतात. म्हणून क्रम असा : आधी वेग, मग लिमिटर, मग माप.

प्रश्न : ५.१ ची फाइल −२३ ला नीट बसते. त्यातूनच काढलेलं स्टीरिओ मात्र −२३.९ येतं, आणि स्फोटांत दमच राहत नाही. डाऊनमिक्समध्ये काही चुकतंय का?

उत्तर : नेहमीच्या डाऊनमिक्समध्ये सेंटर ३ डेसिबल उतरवून दोन्हीकडे जातो आणि सराउंड ३ डेसिबल उतरवून आपापल्या बाजूला. सेंटरच्या संवादांचं माप यात बदलत नाही. अर्धी ऊर्जा इकडे, अर्धी तिकडे, बेरीज तीच. सराउंडचं मात्र दीड डेसिबलचं वाढीव वजन जातं आणि वर ३ उतरतात, म्हणजे त्यांचा वाटा एकूण साडेचार डेसिबलने घटतो. सराउंड भरपूर वापरलेल्या चित्रपटात ०.९ चा फरक यातूनच येतो. स्टीरिओ फाइल वेगळी मोजा, वेगळा गेन द्या, वेगळा लिमिटर लावा. डावा, उजवा आणि सेंटर यांत एकच संगीत असेल तर बेरजेत ते फुगतं आणि पीक ओलांडतं, तेही बघा.

स्फोटांचं कारण वेगळं आहे. एलएफई डाऊनमिक्समध्ये बहुधा टाकूनच दिला जातो. ज्या धमाक्याचं सगळं वजन एलएफईमध्ये होतं तो स्टीरिओत पोकळ ऐकू येणारच. ६० ते १२० हर्ट्झमधला गाभा पुढच्या चॅनलमध्ये असू द्या, एलएफई फक्त वरचा मसाला. मीटर एलएफई मोजत नाही म्हणून तिथे मनसोक्त भरण्याचा मोह होतो, तो इथे महागात पडतो.

प्रश्न : तीस सेकंदांचा प्रोमो −२३ ला बरोबर आहे, तरी ‘फार मोठा’ म्हणून नाकारला गेला. का?

उत्तर : पहिली वीस सेकंदं दबकी आणि शेवटची दहा दणदणीत असणार. सरासरी जुळते, पण कानाला शेवटच लक्षात राहतो. युरोपीय आर १२८ च्या छोट्या कार्यक्रमांसाठीच्या पुरवणीत यासाठी शॉर्ट-टर्मची कमाल मर्यादा −१८ एलयूएफएस ठेवली आहे. शॉर्ट-टर्म म्हणजे तीन सेकंदांची सरकती खिडकी. मीटरवर तिचा सर्वोच्च आकडा बघा, तो −१८ च्या वर असेल तर शेवट खाली घ्या आणि सुरुवात वर. एलआरए, म्हणजे लाऊडनेसचा पल्ला, मात्र इतक्या छोट्या तुकड्यावर बघू नका. एका मिनिटापेक्षा कमी लांबीवर त्याला फारसा अर्थ नसतो.

प्रश्न : एकच चित्रपट युरोप, अमेरिका, जपान आणि एका स्ट्रीमिंग सेवेला द्यायचा आहे. एकच मास्टर करून फक्त गेन बदलला तर चालेल का? आणि एलयूएफएस व एलकेएफएस यांत किती फरक धरायचा?

उत्तर : शेवटचं आधी : काहीच नाही. एकाच मापाची ही दोन नावं आहेत.

आकडे असे. युरोपात आर १२८ नुसार −२३, अर्धा एलयू इकडेतिकडे, ट्रू पीक −१. अमेरिकेत ए/८५ नुसार −२४, दोन डेसिबल इकडेतिकडे, ट्रू पीक −२. जपानचं टीआर-बी३२ −२४ मागतं, एक डेसिबलच्या सवलतीने. ट्रू पीक −२ ला ठेवून −२४ वर केलेलं टीव्हीचं मिक्स जपान आणि अमेरिका दोन्हीकडे चालतं, आणि १ डेसिबल उचललं की पीक −१ ला येऊन युरोपातही बसतं. म्हणजे टीव्हीपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. प्रत्येक वाहिनीचं स्वतःचं मागणीपत्रक मात्र वाचा. ते मानकापेक्षा कडक असू शकतं.

अमेरिकेच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ए/८५ मध्ये लांब कार्यक्रमात सगळा आवाज मोजण्याऐवजी संवादांवर माप घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे −२४ कशावर मोजलंय हे विचारून घ्या. आणि एसी-३ मध्ये डायलनॉर्म नावाचा आकडा सोबत जातो. डिकोडर −३१ ला आधार मानतो. डायलनॉर्म −२४ असेल तर आवाज ७ डेसिबल उतरवतो, −३१ असेल तर तसाच सोडतो. मिक्स −२४ चं आणि डायलनॉर्म विसरून −३१ ठेवलेला, तर घरी चित्रपट इतरांपेक्षा ७ डेसिबल मोठा वाजतो. मिक्समध्ये दोष नसताना सगळा ठपका मिक्सवर येतो.

स्ट्रीमिंगचं गणित निराळं. नेटफ्लिक्स −२७ मागतं, दोन एलयू इकडेतिकडे, पण तेही फक्त संवादांवर मोजलेलं, आणि ट्रू पीक −२. संवाद −२७ ला ठेवून मारामारीला वर जायला इथे बरीच मोकळीक मिळते, जी टीव्हीच्या −२३ मध्ये नसते. टीव्हीचं आवळलेलं मिक्स नुसतं खाली उतरवून तिथे दिलंत तर आकड्यात पास होईल, पण चित्रपट कारण नसताना सपाट झालेला असेल. उलट दिशेने, स्ट्रीमिंगचं मिक्स सरसकट उचलून टीव्हीला दिलंत तर पहिल्या प्रश्नातला शेरा ठरलेला. थिएटरच्या स्टेमवरून आधी स्ट्रीमिंगचं मिक्स करा, त्याचं ऑटोमेशन जपून ठेवा आणि त्यावरून फक्त मोठे प्रसंग खाली घेत टीव्हीचं काढा. दुसऱ्या मिक्सला पहिल्याच्या मानाने बराच कमी वेळ लागतो.